पोहायचं, पळायचं तिने... आपण फक्त उभं राहायचं!

तुमच्या ऑफिसात एक तरी आयर्नमॅनवाला असणारच. नसला तर पुढच्या अप्रेझलपर्यंत होईल, काळजी नको. आधी फक्त मॅरेथॉनवाले होते. २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि रेसच्या दुसऱ्या दिवशी लंगडत, पण हसत हसत कॅण्टीनमध्ये येणारी एक नवी जमात जन्माला आली. मग २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ आली. म्हणजे १.९ किलोमीटर समुद्रात पोहा, ९० किलोमीटर सायकल हाणा आणि वर २१.१ किलोमीटर पळा. तेव्हापासून लोअर परळच्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांना ‘काय मग, वीकेण्ड कसा गेला?’ असं न विचारता ‘स्वीम कसा झाला?’ असं विचारतात.

आता या मंडळींची पोरं शाळेत जायला लागलीत. त्यामुळे नवीन फॅड कोणतं, तर मुलांची ट्रायथलॉन!

तुम्हाला मूलबाळ नसेल, लग्नच झालं नसेल, तरी सुटका नाही हं. आपल्या वयाला भाचरं असतात, पुतणे असतात, शेजारच्या बिऱ्हाडातली पिल्लं असतात. आणि रविवारी पहाटे साडेचारला उठून सायकल गाडीत चढवायला घरात मोकळं माणूस कोण? अर्थात तुम्हीच. माझी भाची दहा वर्षांची आहे. ताई-जिजू गिरगावात, मी लालबागला. गेल्या डिसेंबरात तिच्या पहिल्या रेसला मी ‘ऑफिशियल मावशी’ म्हणून हजर होते, आणि त्याआधीचे तीन महिने तिची ‘ऑनररी कोच’सुद्धा. तेव्हा आज थोडा अनुभवाचा फण्डा.

पहिलं म्हणजे घाबरू नका. मुलांच्या ट्रायथलॉनमध्ये कोणी दहा वर्षांच्या पोराला समुद्रात ढकलत नाही. अंतरं वयाप्रमाणे असतात आणि ती आयोजकागणिक बदलतात. आमच्या नऊ-दहा वर्षांच्या गटाला १०० मीटर पोहणं, ३ किलोमीटर सायकल आणि १ किलोमीटर पळणं होतं. पोहणं टँकमध्ये, २५ मीटरच्या चार लांब्या. मध्येच दमलं तर लेनची दोरी धरून थांबता येतं. फक्त दोरी ओढत पुढे सरकायचं नाही. काठावर जीवरक्षक असतातच. पोहणं नेहमी पहिलं येतं, कारण दमलेल्या माणसाला जमिनीवर बसता येतं, पाण्यात बसता येत नाही. वयाचा हिशेबही नीट बघा. या खेळात साधारणपणे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला किती वय होणार ते धरतात. त्यामुळे नोव्हेंबरात वाढदिवस असलेलं पोर जानेवारीपासूनच वरच्या गटात जातं. फॉर्म भरताना यावरून घरोघरी वादावादी होते.

आणि हा प्रकार लहान मुलांवर मोठ्यांनी हल्लीच लादलाय असं म्हणाल, तर तेही पूर्ण खरं नाही. आज आपण ज्याला ट्रायथलॉन म्हणतो ती पहिली रेस झाली २५ सप्टेंबर १९७४ ला, अमेरिकेत सॅन दिएगोच्या मिशन बेवर. साधारण दहा किलोमीटर पळणं, आठ किलोमीटर सायकल आणि ५०० यार्ड पोहणं. एकूण ४६ जण उतरले होते. त्यात जॉन कॉलिन्स नावाचा नौदलातला एक अधिकारी होता, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको आणि बारा-तेरा वर्षांची दोन मुलं! याच कॉलिन्स नवरा-बायकोने पुढे १९७८ मध्ये हवाईत पहिली आयर्नमॅन घडवली. तिथे १५ जण सुटले आणि १२ जण पोहोचले. म्हणजे आयर्नमॅनच्याही आधी या खेळात मुलं होती.

आता प्रॅक्टिस. इथे आपली मुंबई मध्ये येते.

पोहण्याचं म्हणाल तर आपला पट्टा नशीबवान. शिवाजी पार्कचा महापालिकेचा महात्मा गांधी तरणतलाव आहे, गिरगाव चौपाटीला मफतलाल बाथ आहे. शिवाजी पार्कच्या त्या टँकमध्ये तर मिलिंद सोमण लहानाचा मोठा झाला. दादरचा मुलगा, ब्रेस्टस्ट्रोकचा नॅशनल चॅम्पियन, मग मॉडेल वगैरे. आणि २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकला जाऊन पहिल्याच दमात आयर्नमॅन पूर्ण करून आला, पंधरा तासांहून थोड्या जास्त वेळात. भाचीला मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, ‘कोण मिलिंद सोमण?’ चालायचंच.

पळणंही सोपं. शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारली की जेमतेम सव्वा किलोमीटर होतं. तिच्या रेसपेक्षा थोडं जास्तच. मैदानात नेटवाले क्रिकेटर, समर्थ व्यायाम मंदिरातली मल्लखांबवाली पोरं, कट्ट्यावर आजोबांचं पार्लमेंट, आणि मधून आम्ही. कोणी ढुंकूनही बघत नाही, ही त्या पार्कची खासियत.

घोडं अडतं ते सायकलपाशी. गिरगावातल्या वाडीत सायकल चालवायची म्हणजे दहा पॅडल मारली की कोणाच्या तरी स्कूटरला धडक. लालबागचं तर विचारूच नका. गणपतीच्या दिवसांत तिथे चालायला जागा नसते, सायकल कुठली? आमच्या आई-बाबांच्या पिढीने तासाच्या भाड्याने सायकली घेऊन गुडघे फोडून घेतले. ती भाड्याची दुकानंही आता दिसत नाहीत. सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडवर बंदी. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना मोकळे करून दिले होते. त्यात मरीन ड्राइव्हही होता, आणि तिथे पोरं अक्षरशः रस्त्याच्या मधोमध झोपून फोटो काढत होती. त्यानंतर पुन्हा आपण आणि आपली बेस्टची बस. आम्ही शेवटी रविवारी सहाच्या आत मरीन ड्राइव्ह गाठायचो. जिजू पुढे स्कूटरवर, ती मध्ये, मी मागून भाड्याच्या सायकलवर, अशी वरात. पावणेसातला गाड्या वाढल्या की पॅकअप.

म्हणून सांगते, या रेसमध्ये कोणत्या पोराचं स्वीमिंग भारी आहे यापेक्षा कोणाकडे सायकल चालवायला मोकळी जागा आहे, हे लांबून ओळखू येतं. मोठ्या कॉम्प्लेक्समधली पोरं वळणावर ब्रेक न लावता वळतात. आमची चाळवाली पोरं वळणावर आधी घंटी वाजवतात!

नवी सायकल घ्यायची का, हा पुढचा प्रश्न. नाही. एकदम नाही. दोन्ही ब्रेक चालू हवेत, हॅण्डलच्या दोन्ही टोकांना बुच हवीत (उघडा पाइप पडल्यावर पोटात घुसतो, म्हणून), उंची बरोबर हवी आणि हेल्मेट डोक्याला घट्ट बसायला हवं. झालं. आमच्या रेसला लाखाच्या आसपासची वाटावी अशी कार्बनची चिमुकली सायकल आली होती, आणि पुढे टोपली असलेली गुलाबी सायकलही आली होती. टोपलीवालीने रेस पूर्ण केली आणि टोपलीतून पाण्याची बाटलीही नेली. कार्बनवाल्याला बाटलीचा स्टॅण्डच नव्हता.

रेस होती ठाण्याच्या पलीकडे, एका शाळेच्या आवारात. आपल्या दक्षिण-मध्य मुंबईत अशी जागा कुठून आणणार, जिथे टँक, मैदान आणि बंद रस्ता एकाच कुंपणात आहेत? त्यामुळे पहाटे निघणं आलंच. खाणं दोनेक तास आधी, ओळखीचं आणि हलकं. केळं, गूळ-तूप-पोळीचा रोल. रेसच्या दिवशी नवीन काही पोटात नको, नवीन काही पायातही नको. एका पोराने आदल्या दिवशी घेतलेले बूट घातले होते. पळण्याच्या पहिल्या फेरीतच बूट हातात आणि पोर मोज्यांवर!

गेटवर पोरांच्या दंडावर आणि पोटरीवर मार्करने नंबर लिहितात. या क्षणी माझी भाची अचानक दोन इंच उंच झाली. घोट्याला वेळ मोजणारी चिप, डोक्याला गटाच्या रंगाची टोपी. मग सायकलची तपासणी आणि ती एका दांड्याला अडकवणं. त्या जागेला म्हणतात ट्रान्झिशन. पाण्यातून आलं की इथे येऊन सायकल घ्यायची, सायकल झाली की इथेच ठेवून पळायला सुटायचं. आणि घड्याळ? ते या सगळ्यात चालूच असतं. तुम्ही मोजे शोधताय तोही रेसचा वेळ!

खरी मजा इथेच असते, आणि खरी परीक्षाही. कारण ट्रान्झिशनच्या भोवती एक दोरी बांधलेली असते. दोरीच्या आत मुलं आणि व्हॉलंटियर. दोरीच्या बाहेर आई, बाबा, मावशी, काका, आजी आणि दोन-चार ड्रायव्हर. आत यायचं नाही, हात लावायचा नाही, बाहेरची कुठलीही मदत नाही. हा नियम मोठ्यांच्या रेसमध्येही आहे. पण मोठ्यांना कोण मदत करायला जातंय? हा नियम खरा लागतो तो आपल्यासारख्यांना, ज्यांनी त्या पोराचं दप्तर चौथीपर्यंत स्वतःच्या खांद्यावर नेलंय.

ब्रीफिंगमध्ये एका बाबांनी विचारलं, ‘आतून नाही, पण बाहेरून ओरडून सांगितलं तर चालेल का?’ रेफरी बाई हसल्या. म्हणाल्या, ‘टाळ्या वाजवा.’

शिट्टी झाली. आठ-आठ पोरं सुटली. एक मुलगा काठावरच बसून रडायला लागला. दर रेसला एखादा असा असतोच. एक व्हॉलंटियर शेजारी बसली, काहीतरी बोलली आणि तो पुढच्या तुकडीत पाण्यात उतरला. त्याची आई दोरीपाशी उभी राहून ओढणीचा बोळा करत होती. तिने आत धाव घेतली असती तर तो उतरला असता का, कोण जाणे. मला नाही वाटत.

पाण्यातून पोरं निथळत येतात ती थेट सायकलींकडे. आणि इथे आयुष्यातले मोठमोठे प्रश्न उभे राहतात. ओल्या अंगावर टीशर्ट चढत नाही, मानेपाशी गुंडाळी होऊन अडकतो. उपाय : एक साइझ मोठा टीशर्ट, त्यावर नंबर आधीच पिनने लावून ठेवलेला. ओल्या पायावर मोजे चढत नाहीत. उपाय : मोज्यांत आदल्या रात्री टाल्कम पावडर, किंवा मोज्यांना सरळ सुट्टी. लेस बांधता येत नाही. उपाय : वेल्क्रोचे बूट किंवा इलॅस्टिकची लेस. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी हेल्मेट, त्याचा पट्टा कट्ट करून बंद, आणि मगच सायकलला हात. उलट केलंत की रेफरी थांबवतात. हा एक क्रम आम्ही घरी, गॅलरीत, बादलीत पाय बुडवून वीसदा केला होता. चाळीतल्या समस्त आजी मंडळाला वाटलं, पोरीला काहीतरी लागिर झालंय.

आमच्या शेजारच्या दांड्याला एक साताठ वर्षांचा गोरटेला मुलगा होता. त्याने टॉवेल पसरला, त्यावर मांडी घातली आणि पायाचं एकेक बोट पुसायला घेतलं. निवांत. अंगठा, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. दोरीबाहेर त्याचे बाबा अक्षरशः नाचत होते. ‘अरे, राहू दे ते!’ ‘अरे, पळ!’ मुलाने मान वर केली, म्हणाला, ‘बाबा, तुम्हीच सांगता ना ओल्या पायाने बूट घालायचे नाहीत.’ अख्ख्या दोरीला हसू फुटलं. बाबांनाही.

आमची मॅडम पाण्यातून बरी आली, हेल्मेट घातलं, सायकल ढकलत रेघेपर्यंत गेली (रेघेच्या अलीकडे बसायचं नाही, हाही नियम) आणि सुटली. तीन फेऱ्या. फेऱ्या पोरांनी स्वतः मोजायच्या असतात. दोनच करून ट्रान्झिशनमध्ये घुसणारे आणि चार करून येणारे, दोन्ही असतात. दुसऱ्या फेरीत ती आमच्यासमोरच्या वळणावर आली आणि खट्‌. चेन पडली.

ती उतरली. सायकल बाजूला घेतली, हे शहाणपण. आणि आमच्याकडे बघितलं.

आता हे लिहायला सोपं आहे. आमच्यामध्ये आणि तिच्यामध्ये वीस फूट अंतर आणि एक नायलॉनची दोरी. जिजूंना चेन बसवायला दहा सेकंद लागली असती. ते दोरीखाली वाकलेच होते. ताईने त्यांचा शर्ट मागून धरला. ही तीच ताई, जी या मुलीला अजून एकटीला ठाकुरद्वारचा रस्ता ओलांडू देत नाही. ‘नको,’ ती म्हणाली, ‘ती बघतेय ना.’ बघतेय म्हणजे काय बघतेय, तर तिचा चेहरा पडत चालला होता. एक पोर गेलं. दुसरं गेलं. टोपलीवाली गेली, जाताना तिने घंटी वाजवली. मी दोन्ही हात खिशात घातले, कारण ते बाहेर असते तर खुणा केल्या असत्या.

चेन कशी बसवतात ते आम्ही तिला शिकवलं होतं. एकदा. मरीन ड्राइव्हवर, घाईत. सायकल उलटी करायची, चेन मागच्या चक्राला अडकवायची, मग पुढच्या चक्राच्या वरच्या दातांवर चढवून पॅडल हाताने फिरवायचं. तिने सायकल उलटी केली. चेन लावली, पुन्हा सुटली. परत लावली. नाक पुसलं, नाकाला ग्रीस. मग एकदम गरकन चक्र फिरलं.

मोबाइलमधल्या व्हिडीओत नंतर बघितलं तर सगळं मिळून एक मिनिट पन्नास सेकंद. मला विचाराल तर रिसेशनमधल्या आमच्या टाउन हॉलपेक्षा जास्त लांबलं ते.

त्यानंतरचं झटपट. सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय आपले राहत नाहीत, लापशी होते त्यांची. मुलांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटतं काहीतरी बिघडलंय. दोनेकशे मीटरनंतर पाय ताळ्यावर येतात. थोडं चालली तरी हरकत नाही, नियमात बसतं. शेवटच्या शंभर मीटरला लाउडस्पीकरवर नाव पुकारतात, आणि ते नाव बहुतेक वेळा चुकीचंच पुकारतात. मेडल सगळ्यांना मिळतं. त्यावरून कॉर्पोरेट मंडळी नाकं मुरडतात, ‘म्हणजे हरण्याची सवय कशी लागणार?’ वगैरे. त्यांनी खुशाल निकालाचा कागद बघावा. क्रमांक तिथे लावलेलेच असतात आणि पोरं स्वतःच तिथे सगळ्यात आधी गर्दी करतात. आमची तेविसात सतरावी. तिने कागद दोनदा वाचला, बोटाने मोजलं आणि म्हणाली, ‘चेन पडली नसती तर बारावी.’ हिशेब बरोबर होता.

खर्चाचं म्हणाल तर एण्ट्री फी साधारण तुमच्या-माझ्या एका चांगल्या शनिवार रात्रीइतकी. हेल्मेट, गॉगल, इलॅस्टिक लेस हे क्रॉफर्ड मार्केटपासून ऑनलाइनपर्यंत कुठेही. मावशी म्हणून न्यायच्या वस्तू : दोन टॉवेल, सुके कपडे, केळी, सेफ्टी पिना, सायकलचा पंप आणि ज्यांचे फोन सकाळी सहापासून सुरू होतात त्या आजीसाठी चार्ज्ड मोबाइल. पोरगी पाण्यात असतानाच आजीचे तीन कॉल येऊन गेले होते.

परत येताना दादरला उतरून कीर्ती कॉलेजजवळचा वडापाव झाला, चुऱ्यासकट. ताईने ओल्या टिश्यूने तिच्या नाकावरचं ग्रीस पुसायला घेतलं तर तिने तोंड फिरवलं. दंडावरचा मार्करचा नंबर साबणाने जात नाही, खोबरेल तेलाने जातो. म्हणजे, लावू दिलं तर. सोमवारी ती अर्ध्या बाह्यांचा युनिफॉर्म घालून तशीच शाळेत गेली.